वारसा आणि वेठ

१९८७ साली कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो शहरात, बाल्बोआ पार्कमधील 'म्युझियम ऑफ मॅन' या मानववंशशास्त्राच्या संग्रहालयात, एक माणूस काचेच्या पेटीत वाळू पसरून तिच्यावर उताणा झोपला. कमरेला कातडी पंचा, बाकी अंग उघडे. भोवताली त्या प्रदेशातील कुमेयाय लोकांच्या जीवनाचे देखावे मांडलेले होते. पुतळे होते, टोपल्या होत्या, खुलाशाच्या चिठ्ठ्या होत्या. या पेटीतही चिठ्ठ्या होत्याच. मात्र त्या टोपल्यांविषयी किंवा बाणांविषयी काही सांगत नव्हत्या. त्या माणसाच्या अंगावरील व्रणांकडे त्या बोट दाखवीत होत्या. अमुक खूण दारूच्या नशेत झालेल्या मारामारीची, तमुक खूण तशाच अवस्थेत पडल्याची. पाहायला येणारे लोक आधी त्याला पुतळा समजत आणि त्याच्याविषयी मोकळेपणाने बोलत. मग छाती हलताना दिसे, डोळे उघडताना दिसत आणि बोलणे अर्ध्यावर थांबे.

त्या माणसाचे नाव जेम्स लूना. तो १९५० साली जन्मला आणि २०१८ साली वारला. लुइसेन्यो वंशाचा हा कलावंत सॅन डिएगो परगण्यातील ला होया या राखीव भूमीत राहत असे आणि एका महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा सल्लागार म्हणून काम करीत असे. या कृतीला त्याने 'द आर्टिफॅक्ट पीस' असे नाव दिले होते. आर्टिफॅक्ट म्हणजे मानवनिर्मित पुरावस्तू, उत्खननात सापडते तशी. जवळच्या पेट्यांत त्याने राखीव भूमीवर आजही वापरात असलेल्या विधींच्या वस्तू ठेवल्या होत्या. त्यांच्यासोबत त्याच्या स्वतःच्या आयुष्यातील वस्तूही होत्या. त्यात पदवीचे प्रमाणपत्र होते, घटस्फोटाची कागदपत्रे होती, आवडत्या गाण्यांच्या तबकड्या आणि छायाचित्रे होती. ज्या समाजाविषयी संग्रहालय भूतकाळी क्रियापदांत बोलत होते, त्या समाजातील एक माणूस वर्तमानकाळात श्वास घेत समोर पडला होता.

या प्रकारच्या कलेला परफॉर्मन्स आर्ट म्हणतात. मराठीत तिला प्रयोगकला म्हणावे, तर नाटकाच्या प्रयोगाशी गल्लत होते. नावाचा प्रश्न आपण बाजूला ठेवू. अधिक अवघड प्रश्न निराळाच आहे. आपला देह, आणि त्या देहावर इतिहासाने उमटवलेल्या खुणा, दुसऱ्यांपुढे मांडणे यात नेमके काय घडते? ज्या नजरेने पिढ्यान्‌पिढ्या अपमान केला, त्याच नजरेपुढे स्वखुशीने जाऊन पडणे ही मुक्ती म्हणायची, की त्या अपमानाचीच एक सुसंस्कृत आवृत्ती? आणि जो पाहतो, त्याच्यावर काही जबाबदारी येते काय?

आपल्या परंपरेत नटाच्या देहाचा विचार फार बारकाईने झालेला आहे. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी आंगिक अभिनयात अवयवाअवयवाच्या हालचालींची गणना केली. तरीही तेथे नटाचा देह हा नेहमी दुसऱ्या कशाची तरी खूण असतो. नटाचा हात हा त्याचा स्वतःचा हात उरत नाही. तो रामाचा हात होतो, दुष्यंताचा होतो. पुढे भट्टनायकाने साधारणीकरणाची कल्पना मांडली. रंगभूमीवरील शोक अमक्या माणसाचा शोक राहत नाही, तो कोणा एकाचा नसलेला असा शोक होतो, आणि म्हणूनच सहृदय प्रेक्षक त्याचा आस्वाद घेऊ शकतो. ही कल्पना रसविचाराचा मोठा आधार आहे, आणि तिच्या क्षेत्रात ती खरीही आहे.

पण लूनाच्या पेटीसमोर ती अडखळते. तेथील व्रण हा अभिनय नाही, तो त्याचाच आहे. आणखी एक गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटते. संग्रहालयातील पुतळा म्हणजे साधारणीकरणाचे टोकच असते. त्याला नाव नसते, वय नसते, बायकोशी झालेले भांडण नसते. तो 'कुमेयाय पुरुष' असतो, किंवा नुसता 'इंडियन' असतो. काव्यात जे साधारणीकरण मुक्त करते, तेच इतिहासात माणसाला पुसून टाकू शकते. लूनाच्या कृतीची दिशा नेमकी उलटी आहे. सामान्य करून टाकलेल्या देहाला तो पुन्हा विशिष्ट करतो. घटस्फोटाचा कागद एखाद्या जमातीचा असू शकत नाही. तो एका माणसाचाच असतो.

लूनाच्या आधी त्याच राज्यात एक माणूस संग्रहालयात राहून गेला होता, हे येथे आठवले पाहिजे. ऑगस्ट १९११ मध्ये ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीतील एक एकटा माणूस लोकांच्या हाती लागला. त्याचे सारे आप्त मरून गेले होते, बरेचसे कत्तलींत. आल्फ्रेड क्रोबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात आणले. आपले नाव त्याने कोणाला सांगितले नाही. इशी हे नाव इतरांनी दिले. त्याच्या भाषेत या शब्दाचा अर्थ नुसता 'माणूस'. संग्रहालयात तो लोकांना बाणाची पाती घडवून दाखवी, अग्नी पाडून दाखवी. १९१६ साली क्षयाने त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर त्याचा मेंदू काढून स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवण्यात आला, आणि त्याच्या भाषेशी नाते सांगणाऱ्या लोकांच्या हाती तो परत आला तो २००० साली. इशीला वागवणारे लोक दुष्ट नव्हते. काहींचे त्याच्यावर मनापासून प्रेम होते. म्हणूनच हे उदाहरण अस्वस्थ करते. प्रेमळ माणसांच्या संस्थेतही एक माणूस नमुना होऊन बसू शकतो.

मग इशी आणि लूना यांच्यात फरक कोणता? चटकन सुचणारे उत्तर संमतीचे. लूना स्वतःच्या इच्छेने पेटीत झोपला. पण हे उत्तर पुरते पडत नाही, आणि त्याची साक्ष इतिहासातच आहे. दक्षिण आफ्रिकेतील खोइखोइ स्त्री सारा बार्टमन हिला १८१० साली लंडनमध्ये तिच्या देहाच्या ठेवणीसाठी तिकीट लावून दाखवले जात होते. गुलामांच्या व्यापाराला विरोध करणाऱ्या काही सज्जनांनी हे प्रकरण न्यायालयात नेले. तिची साक्ष घेण्यात आली. आपण आपल्या मर्जीने आलो आहोत, असे तिने सांगितल्याची नोंद झाली आणि प्रकरण निकालात निघाले. १८१५ साली ती पॅरिसमध्ये मेली. कूव्हिए या थोर शास्त्रज्ञाने तिच्या देहाचे विच्छेदन केले, आणि तिचा सांगाडा व देहाचा साचा विसाव्या शतकाच्या आठव्या दशकापर्यंत पॅरिसच्या संग्रहालयात लोकांसमोर होता. तिचे अवशेष मायदेशी गेले ते २००२ साली. कागदोपत्री तिची संमती होती. परंतु जिच्यापुढे दुसरा रस्ताच नाही, तिच्या होकाराला आपण स्वातंत्र्य म्हणत नाही. वेठीला धरलेला माणूसही पाटलाला 'होय' म्हणूनच उत्तर देतो.

दुसरे उत्तर असे देता येईल की, लूनाच्या पेटीतील चिठ्ठ्या लूनाने स्वतः लिहिल्या होत्या. हे उत्तर अधिक खोल आहे. संग्रहालयाची सत्ता काचेत नसते, चिठ्ठीत असते. वस्तू मुकी असते; ती काय आहे हे चिठ्ठी सांगते, आणि चिठ्ठी लिहिणारा कोण हे चिठ्ठी सांगत नाही. लूनाने ती लेखणी आपल्या हाती घेतली. शिवाय तिने गौरवाच्या गोष्टी लिहिल्या नाहीत. शूर पूर्वज, निसर्गाशी एकरूप झालेली जमात, असे काही त्याला सहज लिहिता आले असते, आणि पाहणारे खूश होऊन गेले असते. त्याने दारू लिहिली. वारशात काय काय येते, याची खरी यादी त्याने दिली. भूमी गेली, भाषा क्षीण झाली, आणि त्या पोकळीत जे आले तेही वारशातच जमा झाले.

परंतु चिठ्ठी आपली असली म्हणजे वाचणाऱ्याचे डोळे आपले होतात असे नाही. कोलंबसाच्या सफरीला पाचशे वर्षे झाली त्या १९९२ साली कोको फस्को आणि गियेर्मो गोमेझ-पेन्या हे दोन कलावंत माद्रिदच्या कोलंबस चौकात सोनेरी पिंजऱ्यात जाऊन बसले. आपण मेक्सिकोच्या आखातातील एका बेटावरचे, अद्याप कोणाला न सापडलेले आदिवासी आहोत, अशी त्यांची बतावणी होती. बेट काल्पनिक होते, नावही काल्पनिक होते. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि पिंजऱ्यात संगणक होता. ही थट्टा आहे हे कोणालाही कळावे असाच सारा थाट होता. पुढे वॉशिंग्टन, शिकागो, सिडनी अशा ठिकाणच्या नामांकित संग्रहालयांतही हा पिंजरा गेला. आणि जागोजागी अनेक लोकांनी ती बतावणी खरी मानली. कोणी पैसे देऊन नाच पाहिला, कोणी छायाचित्र काढून घेतले. काही जण संतापले, पण त्यांतील काहींचा राग माणसे पिंजऱ्यात आहेत याबद्दल नव्हता, आपल्याला फसवले याबद्दल होता. उपहास करणाऱ्याने चिठ्ठी लिहिली होती; पण तिच्या आधीच पाहणाऱ्याच्या मनात दुसरी, जुनी चिठ्ठी लिहून ठेवलेली होती. तीच त्याने वाचली.

तेव्हा प्रश्न पाहणाऱ्याकडे येतो. आणि येथे मला परदेशातील प्रेक्षकांना हसण्याचा अधिकार नाही. लहानपणी आमच्या गल्लीत पोतराज येत असे. कमरेला रंगीत चिंध्यांचा घागरा, मोकळे सोडलेले लांब केस, कपाळभर हळदकुंकू. मागे डोक्यावर मरीआईचा देव्हारा घेतलेली त्याची बायको. तो हातातला कोरडा हवेत फिरवी, त्याचा कडाका घराघरांत ऐकू जाई, आणि मग तो कोरडा त्याच्याच उघड्या पाठीवर उतरे. आम्ही मुले दारात उभी राहून श्वास रोखून पाहत असू. घरातून सुपातले धान्य त्याच्या झोळीत पडे. तो दरवर्षी येई. इतक्या वर्षांत त्याचे नाव काय, हे आमच्या घरातील कोणी त्याला विचारले नाही. तो पोतराज होता, आणि तेवढे आम्हांला पुरेसे होते. मी काचेपलीकडूनच पाहत होतो. फक्त काच दिसत नव्हती.

याच महाराष्ट्रात लूनाच्या मार्गाच्या अगदी विरुद्ध असा एक मार्ग सांगितला गेला आहे, आणि तो मोठ्या नैतिक अधिकाराने सांगितला गेला आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. लुगडे नेसण्याच्या ज्या पद्धतीवरून तुम्ही अस्पृश्य आहात हे ओळखू येते, ती पद्धत सोडा; अंगावरच्या ज्या दागिन्यांवरून जात कळते, ते दागिने टाका, असे त्यांनी सांगितले. वेश, दागिना, नेसण्याची तऱ्हा हे सारे कोणाही मानववंशशास्त्रज्ञाने मोठ्या आस्थेने नोंदवून ठेवावे असे होते. बाबासाहेबांना त्यात संस्कृती दिसली नाही, देहावर चिकटवलेली चिठ्ठी दिसली. त्या स्त्रियांनी ती काढून टाकली. पुढे पोतराज, जोगतीण, मुरळी यांसारख्या प्रथा सोडून देण्याचा आग्रह त्यांच्या चळवळीने धरला तो याच भूमिकेतून.

यामागे एक अनुभव होता, आणि त्या अनुभवाला मराठीत एक नेमका शब्द आहे. तो शब्द म्हणजे वतन. वतन म्हणजे वंशपरंपरेने आलेला हक्क, असे शब्दकोश सांगेल. परंतु महारवतनाच्या बाबतीत तो हक्क म्हणजे जमिनीचा तुटपुंजा तुकडा आणि गावच्या दारचे बलुते, आणि त्याच्या बदल्यात दिवसरात्र केव्हाही सरकारचे व गावाचे बोलावणे. बाप घरी नसेल तर मुलाने जायचे. आंबेडकरांनी या वतनाच्या कायद्यात बदल करण्यासाठी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. कनिष्ठ ग्रामवतने कायद्याने रद्द होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. ज्याला वारसा म्हणून कुरवाळले जाते, त्याच्या पोटात वेठ दडलेली असू शकते, हे वतनाने आपल्याला शिकवले. हा धडा अन्य कोणत्याही सौंदर्यशास्त्राने इतक्या स्पष्टपणे शिकवल्याचे मला आठवत नाही.

तर मग दोन भूमिका समोरासमोर उभ्या राहतात. एक म्हणते, खूण टाकून द्या. दुसरी म्हणते, खूण दाखवा, पण चिठ्ठी स्वतः लिहा. यांतील एकच खरी मानावी असा मोह होतो. पहिली मानली तर लूना आपल्याच लोकांच्या जखमांचा बाजार मांडणारा ठरतो. दुसरी मानली तर महाडच्या स्त्रियांनी आपली संस्कृती गमावली, असे निर्दय विधान करावे लागते. दोन्ही निष्कर्ष माझ्या बुद्धीला मान्य होत नाहीत, आणि विवेकाला तर नाहीतच.

मला वाटते, या दोन कृती वरून विरुद्ध दिसल्या तरी त्यांचे मूळ एक आहे. दोन्हींत देहावरील खुणेचा अर्थ ठरवण्याचा अधिकार त्या देहाच्या धन्याने परत घेतलेला आहे. फरक आहे तो परिस्थितीचा. महाडच्या स्त्रीच्या देहावरील खूण दररोज, रस्त्यावर, पाणवठ्यावर तिच्याविरुद्ध वापरली जात होती. तिला खूण उलगडून सांगण्याची सवड नव्हती. ती उतरवणे हाच तिचा अर्थ होता. लूनाच्या लोकांची अडचण वेगळी होती. ते आता अस्तित्वातच नाहीत, असे जगाने धरून चालले होते. ज्याच्याकडे सतत बोट दाखवले जाते त्याने खूण उतरवावी, आणि ज्याला मेलेला समजून लोक पुढे जातात त्याने श्वास घेऊन दाखवावा, हे एकाच न्यायाचे दोन निकाल आहेत.

वारसा आणि वेठ यांतील भेद ओळखण्याची कसोटीही येथेच सापडते. ती कसोटी पुरातनतेची नाही, सौंदर्याची नाही, आणि नुसत्या संमतीचीही नाही. जे आपल्याकडे चालत आले ते खाली ठेवता येते काय, एवढाच प्रश्न विचारावा. खाली ठेवले म्हणून अन्न तुटणार नाही, मान जाणार नाही, मुलाला जबरीने ते उचलावे लागणार नाही, अशी स्थिती असेल तर तो वारसा. नसेल तर ती वेठ, मग तिच्यावर कितीही सुंदर नक्षी असो. लूना पेटीतून उठून घरी जाऊ शकत होता. सारा बार्टमनचा सांगाडा उठू शकत नव्हता. आमच्या गल्लीतल्या पोतराजाला घर होते, पण त्या घरातला चुलीचा जाळ कोरड्याच्या आवाजावर अवलंबून होता.

ही कसोटी लूनालाही पुरती सुखाने सोडत नाही, हे मान्य केले पाहिजे. आपण माणूस आहोत हे दाखवण्यासाठी ज्याला आधी वस्तू व्हावे लागते, त्याचे स्वातंत्र्य अपुरे आहे. जे इतरांना न मागता मिळते ते सिद्ध करण्यासाठी त्याला तासन्‌तास वाळूत निश्चल पडावे लागले. तो हे जाणत होता, असे त्याच्या पुढच्या एका कृतीवरून वाटते. १९९१ साली प्रथम केलेल्या त्या कृतीत त्याने लोकांना आवाहन केले की, या, एका खऱ्या इंडियनबरोबर छायाचित्र काढून घ्या. निवडीसाठी तीन रूपे होती. एक लंगोटीतले, एक पिसांच्या भरजरी पोशाखातले आणि एक नेहमीच्या सदरा-विजारीतले. प्रश्न तो विचारत नव्हता. प्रेक्षक जे रूप निवडी, तेच त्याचे उत्तर होई. येथे पाहणाराच पाहिला जात होता. तुम्हांला माझा वारसा हवा आहे की मी हवा आहे, एवढेच त्याला जाणून घ्यायचे होते.

काळ पुढे गेला आहे. १९९० साली अमेरिकेत मूळ रहिवाशांचे अवशेष व पवित्र वस्तू त्यांच्या वंशजांना परत देण्याविषयीचा कायदा झाला. सॅन डिएगोच्या त्या संग्रहालयाने २०२० साली आपले नाव बदलून 'म्युझियम ऑफ अस' असे घेतले. 'मानवा'च्या जागी 'आपण' आले. त्याआधी २००८ मध्ये एरिका लॉर्ड ही अलास्कातील मूळ रहिवाशांच्या वंशातील कलावंत न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात लूनाप्रमाणेच पेटीत झोपली. यावेळी देह स्त्रीचा होता, आणि चिठ्ठ्याही तिच्या होत्या. लूनाकडून तिने पंचा घेतला नाही, व्रण घेतले नाहीत. प्रश्न विचारण्याची रीत घेतली. वारसा म्हणावा तो याला. तो तिच्यावर कोणी लादला नव्हता, आणि नको असता तर ती तो न घेता पुढे जाऊ शकली असती.

वाळूतून माणूस उठून गेला की त्याच्या देहाचा ठसा तेवढा मागे राहतो. त्या रिकाम्या ठशापुढे उभ्या राहणाऱ्याला पाहण्यासारखे काहीच उरत नाही, फक्त काचेत त्याचे स्वतःचे प्रतिबिंब दिसते. मला त्या प्रतिबिंबात दारात उभा असलेला एक मुलगा दिसतो. सुपातले धान्य झोळीत पडते आहे, ढोल पुढच्या दाराकडे निघाला आहे, आणि त्या मुलाने अजून नाव विचारलेले नाही.